तारखेबाहेरची माणसे

मराठवाड्यातून शहराकडे गेलेल्या माणसांचा इतिहास आपल्याकडे बहुधा १९७२च्या दुष्काळापासून सांगितला जातो. पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या, खडी फोडण्याचे कामही पुरेनासे झाले आणि माणसे गाडीत बसली. हे खोटे नाही. परंतु आभाळाकडे बोट दाखवले की गावाकडे पाहावे लागत नाही, ही या मांडणीतली सोय आहे. सहा वर्षांनी जी माणसे निघाली त्यांना आभाळाने हाकललेले नव्हते.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यापाठोपाठ शेकडो गावांतील दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. आमच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मवाडे मारले गेले. पोचीराम मातंग होते. नामांतर हा एकाच जातीचा हट्ट आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. विद्यापीठाची पायरी न पाहिलेल्या गावांना त्याच्या नावाचा एवढा राग का यावा? कारण राग जुना होता. १९५६च्या धर्मांतरानंतर मेलेली ढोरे ओढणे थांबले, बलुत्याची कामे सुटली. १९६४च्या भूमिहीन सत्याग्रहानंतर गायरानावर हक्क सांगितला जाऊ लागला. मुले शिकून नोकरीला लागली. गावगाड्याचे हे सगळे देणे नावाच्या निमित्ताने वसूल झाले. घर जळाले तर पुन्हा शाकारता येते; पण मजुरी बंद, किराणा बंद, दळण बंद, म्हणजे गाव संपले. मग उरते ते नांदेड, औरंगाबाद, पुणे, मुंबई.

शहरी दारिद्र्याचा उगम असा गावकुसाबाहेर आहे. शहरात जात विरते हा भ्रम बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ने १९६३मध्येच मोडला होता. तिथे भाड्याच्या खोलीसाठी जात लपवावी लागते. ज्याला खोलीही मिळत नाही त्याच्याबाबतीत मात्र जातीचे काम तारीख करते.

मुंबईतील झोपड्यांची गणना १९७६मध्ये झाली आणि गणलेल्यांना फोटोपास मिळाले. १९८१च्या पावसाळ्यात फुटपाथवरील माणसांना हुसकावण्याचा निर्णय झाला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘ओल्गा टेलिस’ खटल्याच्या १९८५च्या निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात सामावलेला आहे असे सांगितले. विधीचे विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात. त्याच निकालाने हटवणे वैध ठरवले आणि पर्यायी जागा द्यायची ती १९७६च्या गणनेत नोंदलेल्यांना, असेही म्हटले, हे फारसे कुणी सांगत नाही. आता दोन सालांकडे पाहावे. दुष्काळाने आलेला माणूस या गणनेत सापडू शकत होता. १९७८ला गावाने हाकललेला सापडणे अशक्य होते. निसर्गाचा बळी तारखेच्या आत, समाजाचा बळी तारखेबाहेर! हे कुणी ठरवून केले नाही, म्हणूनच ते अधिक विचार करण्यासारखे आहे. पुढे ही तारीख १९९५, मग २००० अशी सरकली. तोवर पुरावा मागण्याची रीत पक्की झाली होती, आणि ज्याची झोपडी पुन्हा पुन्हा मोडली जाते त्याच्याकडे कागद टिकत नाही.

किनवटच्या गोंड, कोलाम, आंध यांना हा अनुभव निराळ्या वाटेने आला. अनुसूचित जमातींची यादी तेव्हा जिल्ह्यांना बांधलेली होती. नांदेड जिल्ह्यातला आंध मुंबईला राहायला गेला की यादीच्या लेखी आदिवासी उरत नसे. जमीन सावकाराकडे गेली म्हणून तो निघाला, आणि निघाला म्हणून त्याची सवलतही गेली. १९७६च्या दुरुस्तीने राज्यातील बहुतेक जमातींवरचे हे क्षेत्रबंधन उठले. पण दाखल्यासाठी पूर्वजांचा ६ सप्टेंबर १९५०पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. त्या दिवशी किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. नांदेडात तो १९५६ साली आला. निजामी अमदानीतले महसुली दप्तर उर्दूत. नंदिग्राम एक्स्प्रेसने कल्याणला उतरून बांधकामावर जाणाऱ्या नातवाला आजोबांचे नाव त्या दप्तरात शोधून, वाचून घेऊन, मराठीत करून आणावे लागते.