थांबायचं कधी?

जुगारी मुलगा मुळात उतावीळ असतो, की जुगार त्याला उतावीळ करतो? अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली जुगाराचं वेड आपल्या विकारांच्या यादीत प्रथमच घातलं, तेही आवेग न आवरण्याच्या विकारांमध्ये. म्हणजे उत्तर जवळजवळ गृहीतच धरलेलं! पण बुडालेल्या मोठ्या माणसांना विचारून आधी काय आणि नंतर काय, हे कसं कळणार?

मुलं जुगाराला लागण्याआधीच गाठायला हवी होती. ती कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मिळाली. रिशार ट्रेम्ब्ले यांनी १९८४ साली तिथल्या गरीब वस्त्यांतल्या ५३ शाळांमधून बालवाडीतले १०३७ मुलगे अभ्यासासाठी घेतले होते. विषय होता दांडगाई आणि गुन्हेगारी. जुगार मागाहून आला. मुलगे तेरा वर्षांचे झाल्यावर त्यांच्या उतावीळपणाबद्दल शिक्षकांना विचारलं, मुलांनाही विचारलं. शिवाय त्यांना पत्त्यांचा एक डाव दिला.

या जातीचा डाव जोसेफ न्यूमन यांनी १९८७ साली कैद्यांच्या अभ्यासात वापरला होता. शंभर पानं. चित्राचं पान आलं की जिंकलात, आकड्याचं आलं की हरलात. पहिल्या दहांत नऊ पानं जिंकणारी, पुढच्या दहांत आठ, असं करत शेवटच्या दहांत एकही नाही. हे खेळणाऱ्याला सांगत नाहीत. तो हवं तेव्हा उठू शकतो. पानामागे एक चिंचोका धरून आपण हिशोब करू. पन्नास पानांवर उठलात तर वीस चिंचोके खिशात. शंभरपर्यंत बसलात तर ते वीस जाऊन वर दहा अंगावर! (वर्गात करून पाहा, पैसे मात्र नकोत.) हरणं वाढतंय हे दिसत असूनही हात थांबत नाही, तोच इथे मोजायचा उतावीळपणा.

सतराव्या वर्षी त्या मुलांना जुगाराबद्दल विचारलं. फ्रँक विटारो आणि लुईझ आर्सेनो यांनी ट्रेम्ब्ले यांच्यासह १९९७ व १९९९ साली निष्कर्ष छापले: तेराव्या वर्षी जे जास्त उतावीळ, त्यांच्यात पुढे जुगाराच्या अडचणी जास्त.

हे वाचून शेवटच्या बाकावरच्या चुळबुळ्या मुलाकडे आपली नजर जाते. ती आवरायला हवी, असं आम्हाला वाटतं. आकडे गटाबद्दल बोलतात, एकेका मुलाबद्दल नाही. संघटनेनेही २०१३ साली जुगार त्या जुन्या गटातून काढून दारूसारख्या व्यसनांच्या शेजारी नेऊन ठेवला. आणि १०३७ जणांत मुलगी एकही नव्हती.