परसापासून गच्चीपर्यंत

शहरातील ज्येष्ठांच्या कुंड्यांकडे आपण बहुधा निवृत्तीनंतरचा विरंगुळा म्हणून पाहतो. आमच्या मते हा दृष्टिकोन अपुरा आहे. पुण्या-मुंबईतील या बागांमागे घराची माती आक्रसत गेल्याचा इतिहास आहे.

पुण्याच्या जुन्या पेठांतील अनेक वाड्यांना मागे परस असे. मोरीचे पाणी अळूला आणि केळीला जाई. अळू भाजीला, केळीचे पान पंगतीला, आडुळसा आणि गवती चहा काढ्याला, तर तगर, जास्वंद व प्राजक्त देवाला. परस हा शोभेचा विषय नव्हता. तो संसाराच्या अर्थव्यवहाराचा भाग होता आणि त्याची सूत्रे बहुतांशी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे असत. खाजरा अळू कसा ओळखावा, कोणत्या झाडाला कधी पाणी तोडावे, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक असे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला धरणे फुटली व नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले. पूरग्रस्त गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या नव्या वसाहतींत गेले. वाडासंस्कृती पुढेमागे मोडणारच होती. पुराने तो काळ अलीकडे आणला, इतकेच. मुंबईच्या चाळींत हे स्थित्यंतर आधीच घडून गेले होते. १९३७ साली बाजारात आलेल्या डालडाचा रिकामा डबा तळाला खिळ्याने भोके पाडून कठड्यावर बसला आणि तुळशीचे वृंदावन झाला. वृंदावनाला प्रदक्षिणा घालता येई, कठड्यावरच्या डब्याला कशी घालणार? मग स्वतःभोवतीच गिरकी घेऊन प्रदक्षिणा पुरी होऊ लागली. जागेच्या टंचाईपुढे आचार कसा वाकतो, पण सुटत नाही, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

सदनिकांच्या काळात माती विकत आणावी लागली. अशा वेळी कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ने महत्त्वाचा विचार मांडला : माती नसेल तर ती घडविता येते. पालापाचोळा, उसाचे चिपाड आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून केलेल्या हलक्या थरावर गच्चीतही भाजी पिकू लागली. हा विचार ज्येष्ठांनी सहज उचलला, याचे आम्हांस नवल वाटत नाही. मोरीचे पाणी वाया न घालविणाऱ्या पिढीला देठे-साली वाया न घालविणे शिकवावे लागले नाही.

आज प्रश्न वेगळा आहे. आमच्या ओळखीच्या एका इमारतीचा पुनर्विकास ठरला. करारात प्रत्येकाचे चटईक्षेत्र, वाहनतळ आणि स्थलांतराचे भाडे नोंदले गेले. गच्चीवर पंधरा वर्षे जोपासलेल्या वाफ्याचा मात्र उल्लेख नव्हता. तो राखणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या आजींनी सभेत एकच विचारले, "माझी माती कुठे ठेवू?" काही जण हसले. आम्हीही हसलो, हे येथे नमूद केले पाहिजे.

उशिराने ध्यानात आले की त्या प्रश्नात अतिशयोक्ती नव्हती. पंधरा वर्षांच्या कचऱ्यातून घडलेली माती हीच त्यांची त्या इमारतीतील खरी कमाई होती. परस प्रत्यक्ष पाहिलेली ही बहुधा शेवटची पिढी. तिच्यानंतर बाग राहीलही, परंतु रोपवाटिकेतून आणलेली. तेव्हा आपापल्या घरातील ज्येष्ठांजवळ बसून, त्यांच्या परसात काय होते आणि ते कशासाठी होते, एवढे तरी लिहून ठेवावे. त्या आजींची माती अखेर सात पोत्यांत भरली गेली. ती सध्या आमच्या जिन्याखाली आहे.