पिनपासून फाइलपर्यंत : मायक्रोकंट्रोलरवरील स्क्रिप्ट भाषांचा इतिहास आणि वऱ्हाडातील तंत्रशिक्षण

प्रस्तावना

वऱ्हाडातील अभियांत्रिकी शिक्षणाचा विस्तार आणि मायक्रोकंट्रोलरचा प्रसार या दोन घटना जवळजवळ समकालीन आहेत. इंटेल कंपनीचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर १९८० मध्ये आला. अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून कार्यरत होतेच. १९८३ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांना शासनाची मान्यता मिळू लागल्यानंतर बडनेरा, शेगाव आणि अकोल्याजवळील बाभूळगाव येथेही अभियांत्रिकी शिक्षणाची सोय झाली.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रक्रियक, स्मृती आणि बाह्य जगाशी संबंध ठेवणारी परिघीय साधने एकाच चिपमध्ये सामावणारी रचना होय. या साधनांशी कोणत्या भाषेत बोलावे आणि वीज गेल्यावर नोंद कोठे टिकावी, हे दोन प्रश्न तिच्या इतिहासात सतत एकमेकांच्या जोडीने येतात. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा आढावा घेतला असून, त्यांचा वऱ्हाडातील शेतीशी असलेला संबंध तपासला आहे.

सोळाअंकी कळफलक ते बेसिक

प्रारंभीच्या प्रयोगशाळांतील संचांवर विद्यार्थी सोळाअंकी पद्धतीचे संकेत एकेक करून कळफलकावरून भरत असे. वीज खंडित झाली की स्मृतीतील आज्ञावली नाहीशी होई आणि श्रम पुन्हा करावे लागत. या पद्धतीमुळे यंत्राची आंतररचना पक्की समजत असे, हे खरे. परंतु तापमान मोजण्यासारख्या साध्या प्रयोगातही बराचसा वेळ संकेत भरण्यातच जाई.

१९८० च्या दशकाच्या मध्यास इंटेलने ८०५२ च्या एका आवृत्तीत बेसिक भाषेचा अर्थबोधक चिपमधील ८ किलोबाइट स्मृतीतच बसविला. त्यामुळे पोर्टवरील मूल्य वाचणे किंवा बदलणे हे एका ओळीचे काम झाले. विशेष म्हणजे लिहिलेली आज्ञावली ‘प्रोग’ या आदेशाने ईप्रॉममध्ये साठविता येई. तेथे आज्ञावलींना नावे नव्हती, केवळ क्रमांक होते. तसेच वीज येताच पहिली आज्ञावली आपोआप सुरू करण्याची सोयही होती. नाव नसलेली, पुसण्याची सुलभ सोय नसलेली, परंतु टिकणारी अशी ही फाइल प्रणालीची आद्य अवस्था मानता येईल.

बीबीसी मायक्रोचा धडा

१९८१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आलेला एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा मायक्रोकंट्रोलर नव्हे, तर शैक्षणिक संगणक होता. तथापि त्याचा येथे उल्लेख आवश्यक आहे. भारत सरकारने १९८४ मध्ये सुरू केलेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पासाठी याच संगणकाची निवड झाली होती.

सोफी विल्सन यांनी रचलेल्या बीबीसी बेसिकमध्ये ‘ॲडव्हाल’ या फलनाने सदृश संकेताचे मूल्य थेट वाचता येत असे. स्मृतीतील कोणताही पत्ता केवळ एका चिन्हाच्या साहाय्याने तपासता येई. फाइल उघडण्याचे व वाचण्याचे आदेशही कॅसेट, चकती आणि जाळे या तिन्हींसाठी सारखेच होते. साधन बदलले तरी भाषा बदलू नये, हे तत्त्व येथे स्पष्टपणे दिसते. याच एकॉर्न कंपनीत पुढे एआरएम प्रक्रियकाचा जन्म झाला आणि त्याच कुळातील चिप आजच्या अनेक शैक्षणिक मायक्रोकंट्रोलर फलकांवर आहेत.

संगणकावरून आज्ञा, चिपवर अंमल

भारतीय महाविद्यालयांच्या दृष्टीने पुढील महत्त्वाचा टप्पा म्हणजे नवी दिल्ली येथील आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राचा ‘फिनिक्स’ प्रकल्प होय. भौतिकशास्त्राचे प्रयोग अल्प खर्चात व्हावेत, या हेतूने तेथे मायक्रोकंट्रोलरवर आधारित उपकरण विकसित करण्यात आले आणि ते संगणकावरील पायथन भाषेतून चालविण्याची व्यवस्था करण्यात आली. ‘एक्सपाइज’ हे त्याचे पुढचे रूप. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पानेही सायलॅब या मुक्त प्रणालीतून अर्डुइनो फलक हाताळण्याची साधने उपलब्ध करून दिली.

या दोन्ही प्रयत्नांत भाषा संगणकावर आणि परिघीय साधने चिपवर अशी विभागणी होती. प्रयोगशाळेच्या टेबलावर ती सोयीची ठरते. बांधावर मात्र संगणक नेऊन ठेवता येत नाही.

मायक्रोपायथन

ही विभागणी मिटविण्याचे श्रेय मुख्यत्वे मायक्रोपायथनकडे जाते. डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणीतून हा प्रकल्प उभारला आणि त्याची मूळ संहिता खुली झाली. त्यांच्या पहिल्या फलकावर १९२ किलोबाइट स्मृती होती. ८०५१ मध्ये ती केवळ १२८ बाइट होती. अर्थबोधक आता चिपवरच राहू लागला. ‘मशीन’ नावाच्या विभागातून पिन, सदृश-अंकीय परिवर्तक, कालमापक व संदेशवाहिन्या वापरता येऊ लागल्या. फलक संगणकाला जोडल्यावर तो चकतीसारखा दिसे आणि त्यावरील ‘मेन डॉट पाय’ ही फाइल वीज येताच आपोआप चालू होई. ८०५२ वरील अनामिक क्रमांकांच्या जागी आता वाचता येणारे नाव आले.

या सुलभतेला मर्यादाही आहेत. अर्थबोधित भाषा यंत्रभाषेपेक्षा मंद असते आणि स्मृतीची आवराआवर ती आपल्या सोयीने करते. पर्जन्यमापकातील पात्र कलंडताच येणारा संकेत नोंदविणाऱ्या व्यत्यय-फलनात नवी स्मृती मागता येत नाही. तेथे केवळ गणना वाढवावी आणि लेखन मुख्य आज्ञावलीत करावे लागते. म्हणजेच आंतररचनेचे जुने ज्ञान कालबाह्य झालेले नाही.

खंडित वीज आणि फाइल प्रणाली

२००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले. त्यामुळे फाइल प्रणालीचा विचार येथे केवळ तांत्रिक राहत नाही. जुन्या फॅट पद्धतीत फाइलींची सारणी जागच्या जागी बदलली जाते. लेखन चालू असताना वीज गेल्यास सारणी आणि प्रत्यक्ष नोंद यांत विसंगती येऊ शकते. २०१७ मध्ये एआरएमच्या एम्बेड प्रकल्पातून आलेल्या लिटलएफएस प्रणालीत नवी नोंद वेगळ्या जागी पूर्ण लिहिल्यानंतरच तिचा निर्देश बदलला जातो. मध्येच वीज गेली तर जुनी नोंद शाबूत राहते. तसेच लेखन निरनिराळ्या खंडांत विभागल्याने फ्लॅश स्मृतीची झीज एकाच ठिकाणी होत नाही. परंतु फाइल बंद केलेली नसेल, तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात.

२०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको फलकावर मायक्रोपायथन हीच प्रणाली वापरते आणि फाइलींसाठी साधारण १४ लाख बाइट जागा मिळते. दर दहा मिनिटांनी ३० बाइटची एक नोंद घेतल्यास दिवसाच्या १४४ नोंदी होतात. जून ते नोव्हेंबर या १८३ दिवसांच्या खरीप हंगामासाठी सुमारे ७.९ लाख बाइट पुरतात. एका हंगामाचा संपूर्ण पुरावा एका लहान फलकावर मावतो, असा याचा अर्थ.

वऱ्हाडासाठी अर्थ

अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला हवामान आधारित फळपीक विमा योजनेत मिळणारी भरपाई प्रत्यक्ष नुकसानीच्या पाहणीवर नव्हे, तर प्रामुख्याने संदर्भ हवामान केंद्राच्या पाऊस व तापमानाच्या नोंदींवर ठरते. महावेध प्रकल्पांतर्गत राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. अशा वेळी संवेदकापासून फाइलपर्यंतचा आकड्याचा प्रवास हा उपजीविकेचा प्रश्न ठरतो. संवेदकाचे अंशांकन केव्हा झाले, खंडित काळातील नोंद कोरी राहिली की शून्य म्हणून लिहिली गेली, हे प्रश्न विचारण्यासाठी तो प्रवास समजलेला असावा लागतो. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला गेला नाही’ या दोन विधानांतील अंतर एका कोऱ्या रकान्याएवढेच असते.

महाविद्यालयाच्या आवारातील नोंद संदर्भ केंद्राच्या नोंदीची जागा घेऊ शकत नाही. तथापि ती तुलनेचा आधार होऊ शकते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच प्रदेशात आहेत. हे दोन ज्ञानप्रवाह एका साध्या नोंदवहीवर एकत्र येऊ शकतात.

निष्कर्ष

ईप्रॉममधील क्रमांकापासून लिटलएफएसमधील नावापर्यंतचा हा इतिहास केवळ वेगाचा वा क्षमतेचा नाही. उपकरण उघडून त्यातील आज्ञा व नोंद वाचण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, हा त्याचा गाभा आहे. पिन वाचायला शिकविणारा अभ्यासक्रम फाइलची विश्वसनीयताही शिकवील, तरच तो विद्यार्थी आपल्या गावातील पावसाच्या आकड्याची खातरजमा करू शकेल.