तिरळा डोळा आणि चष्म्याची गोष्ट



लेकराचा डोळा नाकाकडे वळायला लागला की घरात कोणी म्हणतं, ‘मोठं झालं की आपोआप जाईल.’ कोणी म्हणतं, ‘नशीबवान आहे.’ शाळेत मात्र पोरं ‘चकणा’ म्हणून चिडवतात. हे दुखणं फार जुनं आहे आणि त्यावरचे उपायही जुने आहेत.

१५८३ साली जर्मनीतल्या गेऑर्ग बार्टिश यांनी डोळ्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात तिरळेपणासाठी मुखवटे दाखवले होते. मुखवट्याच्या भोकांतून बघून बघून नजर सरळ होईल, असा समज होता. पुढे १८३९ साली बर्लिनच्या डॉ. डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याचा स्नायू कापला. तेव्हा भूल द्यायची सोयही नव्हती. मग अशा शस्त्रक्रिया खूप झाल्या. त्यात कित्येकांचा आत वळलेला डोळा नंतर बाहेर वळला.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरचे डॉ. डोंडर्स यांनी वेगळा विचार केला. १८६४ साली त्यांनी पुस्तकात मांडलं, की आत वळणाऱ्या डोळ्यामागे बरेचदा प्लस नंबर असतो.

सुईत दोरा ओवताना आपण डोळ्यांना ताण देतो आणि दोन्ही डोळे थोडे आत वळतात. ताण आणि वळणं ही जोडी आहे. प्लस नंबरच्या मुलाला नीट दिसण्यासाठी दिवसभर असा ताण द्यावा लागतो. म्हणून डोळा जास्तच आत जातो. चष्मा लावला की ताण उतरतो आणि डोळा सरळ राहतो.

चष्मा काढला की डोळा पुन्हा वळतो. तेव्हा ‘चष्म्यानं डोळा बिघडला’ असं समजू नका. झोप सोडून दिवसभर चष्मा हवाच. सगळाच तिरळेपणा चष्म्यानं जात नाही. काहींना पट्टी लागते, काहींना शस्त्रक्रिया. पण उशीर केला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि त्या डोळ्याची नजर मंद होते.

म्हणून सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाचा डोळा वळत असेल, किंवा मोठ्या मुलाचा अचानक वळला, तर थांबू नका. नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ते थेंब घालून नंबर तपासतात.

आणि ‘पोरीला चष्मा लागला, आता लग्नाचं कसं?’ असं कोणी म्हणालं, तर सांगा, आधी तिची नजर वाचू दे.