परभणीचा गारवा

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, कोणी कोणाला कैदेत टाकले त्याच्या तिथी असतात. पण लढाई मारून घरी आलेल्या माणसाला पाणी गार मिळाले की कोमट, याबद्दल इतिहासकार अवाक्षर काढत नाहीत. बहुधा ही मंडळी थंड हवेच्या गावची असावीत. परभणीच्या माणसाने इतिहास लिहिला असता तर पहिले प्रकरण माठाचे निघाले असते आणि पानिपत परिशिष्टात गेले असते.

आमच्या परभणीवर दोन म्हणी आहेत. एक निजामी अमदानीतली, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. दुसरी आम्ही अभिमानाने सांगतो ती, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. दोन्हींचे अर्थ लावण्यात आमच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. मे महिन्यात मात्र अर्थ कोणी लावत बसत नाही. पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि सारा जिल्हा एकाच प्रश्नाभोवती गोळा होतो : पाणी गार आहे का?

या प्रश्नाचे पहिले उत्तर कुंभाराने दिले. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, वाऱ्याने उडते, आणि उडून जाणारे प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर घेऊन जाते. थोडक्यात, माठाला घाम येतो म्हणून आपला घाम जातो. हवा जितकी कोरडी, तितका माठ कर्तबगार. म्हणूनच मुंबईचे पाहुणे आमच्या माठातले पाणी पिऊन डोळे विस्फारतात. त्यांच्याकडे माठालाही घाम सुटतो आणि माणसालाही, पण उडून जायला कोणीच तयार नसते.

राजेलोकांना अर्थात माठ पुरला नाही. अकबर बादशहाकडे शोरा, म्हणजे तोफेच्या दारूत घालतात तो, पाण्यात विरघळवून त्यात पिण्याच्या पाण्याची सुरई गार करीत. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त हे नोंदवून ठेवले आहे. तोच पदार्थ शत्रूला गरम आणि बादशहाला गार करी. पुढे १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकनाने बोस्टनजवळच्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात गुंडाळून, जहाजाने थेट कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला, तरी शंभरेक टन शिल्लक राहिला. पुढच्याच वर्षी मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी छापून आली. आइस्क्रीमने सर्दी होते, या आईच्या वाक्याला एवढा जुना छापील आधार आहे हे मला फार उशिरा कळले.

आता यंत्राकडे येऊ. फ्रीज म्हणजे दुसरे काही नसून आपला घाम परत गोळा करणारा माठ. माठातले पाणी उडाले की गेले. फ्रीजच्या नळ्यांत पाण्याऐवजी एक चपळ द्रव असतो. तो आतल्या बाजूला उडतो, उष्णता उचलतो; कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो; मागच्या जाळीत तो ती उष्णता आपल्या स्वयंपाकघरात टाकून पुन्हा द्रव होतो आणि कामाला लागतो. सुरुवातीच्या फ्रीजांत हा द्रव विषारी असे. गळतीमुळे एक कुटुंब झोपेतच दगावल्याची बातमी वाचून खुद्द आइन्स्टाइन हळहळला आणि लिओ झिलार्डबरोबर त्याने हलणारा एकही भाग नसलेला फ्रीज बेतला. १९३० साली त्याचे अमेरिकी पेटंटही मिळाले. तो बाजारात आला नाही, कारण तेवढ्यात बिनविषारी फ्रेऑन निघाला. फ्रेऑनने माणसे वाचवली, पण आकाशातला ओझोन कुरतडला. म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तोही मोडीत निघाला.

आमच्या भागाचे नशीब असे, की १९४८ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानात आणि फ्रीज करणारी ऑल्विन कंपनीही हैदराबादचीच, १९४२ ची. ही कंपनी फ्रीज करी, कपाटे करी, बसगाड्या बांधी आणि पुढे मनगटी घड्याळेही करू लागली. १९५८ साली गोदरेजने मुंबईत देशी फ्रीज काढला. तरी परभणीच्या गल्लीत फ्रीज यायला बराच काळ लागला. जो आला तो १६५ लिटरचा, एका दाराचा आणि कुलपाचा. तो स्वयंपाकघरात ठेवत नसत. बैठकीत, विणलेल्या रुमालाखाली, फ्लॉवरपॉट डोक्यावर घेऊन तो नवरदेवासारखा उभा असे. किल्ली आजीच्या कमरेला. गल्लीत कोणाला ताप आला, की डब्बा घेऊन पोरगं दाराशी हजर : "काकू, आईनं बर्फ मागितलाय."

एका दाराच्या त्या काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. १९९१ नंतर बाजार उघडला आणि फ्रीजला दारे फुटत गेली. तेव्हापासून फ्रीज घेणे हे लग्न जमवण्याइतके बिकट झाले. मानवतजवळच्या खेड्यात माझी आत्या राहते. तिच्यासाठी फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा सगळे कुटुंब दुकानात उतरले. आत्येभावाला शेजारी-शेजारी दोन उभी दारे असलेला हवा होता. त्याचे रूप राजवाड्याच्या दरवाज्यासारखे, पण आतला कप्पा इतका अरुंद, की पुरणपोळीचे ताट तिरके केल्याशिवाय आत जाईना. वहिनींना फ्रीझर खाली असलेला हवा होता. भाजी डोळ्यांसमोर राहते, सारखे वाकावे लागत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण किंमत ऐकून भावाची मान वाकली. दुकानदार वर फ्रीझर असलेला, दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री पुढे ढकलत होता. त्यात पंख्याने गार हवा फिरते, हीटरने बर्फ आपोआप वितळतो. सगळे खरे, पण पंखा विजेवर चालतो, आणि वीज कोणावर चालते हे त्या गावात कोणालाच ठाऊक नव्हते.

शेवटी आत्याच बोलली, "माजी औषधाची बाटली कुठं ठिवायची, ते सांगा आदी."

आणि दुकान गप्प झाले. आत्याला मधुमेह आहे. २००५ च्या सुमाराला भारनियमनाच्या दिवसांत वीज बारा-बारा तास गुल व्हायची. तेव्हा शेजाऱ्यांचा फ्रीज म्हणजे थंड न होणारे कपाट. आत्याने मोठ्या माठात ओली वाळू भरली, मध्ये लहान मडके बसवले, त्यात झाकणाच्या डबीत इन्सुलिनची चालू बाटली ठेवली आणि वर ओले पोते टाकले. डॉक्टरांनी आत थर्मामीटर ठेवून पाहिला. बाहेर ४३, आत २६. उघडलेली बाटली ३० अंशांच्या आत साधारण महिनाभर टिकते, म्हणून त्यांनी मान डोलावली. न उघडलेल्या बाटल्यांना २ ते ८ अंश लागतात. त्या तालुक्याच्या औषध दुकानातच राहात, आणि आत्येभाऊ महिन्याला एक आणी. हीच मडक्यात मडके घालायची युक्ती नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने जगापुढे मांडली आणि रोलेक्स पुरस्कार मिळवला. आत्याला फक्त साखर ताब्यात मिळाली. तिला तेवढेच हवे होते.

तेव्हा निवड आत्याच्या बाटलीने केली. एका दाराचा, मधला कप्पा तिच्या हाताच्या उंचीवर येणारा. फ्रीझरमध्ये बर्फाचा थर जमतो, आणि वीज गेली तरी दार न उघडल्यास तो थर काही तास तग धरतो. बाटली दारात ठेवायची नाही, कारण तिथे सारखी ऊब-गार होते. फ्रीझरला चिकटूनही नाही, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते.

फ्रीज आला की पाठोपाठ मेकॅनिक येतो. फ्रीज गार होईना झाला, की तो दुरूनच निदान करतो, "गॅस गेलाय बगा." आता गॅस हा काही रॉकेल नव्हे, वापरून संपायला. नळ्या बंद असतात. गॅस गेला तर कुठेतरी भोक आहे. ते न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. भोक पाडण्याचे पुण्यकर्म बहुधा आपणच केलेले असते, उलथन्याने बर्फ खरवडून. पण गॅसवर जाण्याआधी दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावावे. नोट सहज निसटली तर गारवाही तिथूनच निसटतो. मागच्या जाळीवरची धूळ झाडावी, भिंतीपासून वीतभर अंतर द्यावे. खाली पाणी साचले तर आतले निचऱ्याचे भोक कोथिंबिरीच्या काडीने तुंबलेले असते. फ्रॉस्ट-फ्रीत वर बर्फ पण खाली ऊब असेल, तर वितळवणारा हीटर रुसला आहे. वीज येताच कॉम्प्रेसर घुर्र करून बंद पडत असेल, तर दाब कमी आहे. स्टॅबिलायझर लावावा आणि पाच मिनिटे धीर धरावा.

आणि हे सगळे करूनही मे महिन्यात गारवा कमी पडला, तर फ्रीजला शिव्या देऊ नयेत. 'ट्रॉपिकल' वर्गाचा फ्रीज भोवतालच्या ४३ अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बेतलेला असतो. हा आकडा ठरवणाऱ्या तज्ज्ञांनी परभणीला येऊन जायला हवे होते.

आत्याचा मेकॅनिक गेल्या उन्हाळ्यात रबर बदलायला आला होता. काम झाल्यावर तिने त्याला पाणी दिले. त्याने तांब्या रिता केला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "फ्रीज एकदम टकाटक झाला बगा, आज्जी. पाणी कसं मस्त गार लागायलंय."

"ते माठातलंय," आत्या म्हणाली. "अजून देऊ?"