वर घरं, खाली हॉटेल: एकाच इमारतीत हे जमवतात कसं?

एकाच इमारतीत काही मजल्यांवर हॉटेल आणि बाकीच्या मजल्यांवर लोकांची कायमची घरं असतील, तर ती 'मिश्र वापराची' इमारत. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराच्या मध्यभागी असलेली 'लिव्हिंग शांग्रि-ला' ही अशीच एक. ६२ मजले, उंची सुमारे २०१ मीटर, आर्किटेक्ट जेम्स चेंग. खालचे १५ मजले हॉटेलसाठी राखलेले आणि त्यांच्या वर घरं. इथलं हॉटेल २००९ मध्ये सुरू झालं.

हॉटेल खालीच का?
हॉटेलात दिवसभर ये-जा असते. पाहुणे, सामान, लग्नाची गर्दी. ही वर्दळ जमिनीजवळ राहिली की लिफ्टवरचा ताण कमी होतो. शिवाय वरच्या घरांना शांतता आणि समुद्र-डोंगरांचं दृश्य मिळतं, त्यामुळे त्यांना किंमतही चांगली येते.

दोघांचं वेगळं काय ठेवतात?
दारं, लॉबी आणि लिफ्ट. रोज नवे चेहरे येणाऱ्या लॉबीतून मुलांना शाळेत सोडायला जाणं कुणाला आवडेल? हॉटेलच्या खोल्या लहान आणि एकसारख्या, घरं मोठी आणि वेगवेगळ्या आकारांची. म्हणून दोन्हीकडची बाथरूम एकाखाली एक येत नाहीत. पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप मध्येच वळवावे लागतात. त्यासाठी अनेकदा हॉटेल आणि घरांच्या मध्ये एक यंत्रांचा मजला ठेवतात. तिथल्या पंपांचा आवाज आणि कंपनं घरांत पोहोचू नयेत, याची काळजी वेगळी घ्यावी लागते.

रस्त्यावरच्या माणसाचं काय?
खरी परीक्षा इथेच. व्हँकुव्हरच्या या भागात खूप लोक कामाला, बाजाराला पायीच जातात. तिथे तळमजल्यावर लांबच लांब कोरी भिंत आली, की तेवढा फुटपाथ ओस पडतो. म्हणून रस्त्याच्या बाजूला दुकानं, किराणा, कॅफे हवेत. आणि गाड्या? पाहुण्यांच्या टॅक्सी, धुलाईचे कपडे, भाजीचे ट्रक हे सगळं मुख्य फुटपाथ कापून आत जाऊ लागलं, तर चालणाऱ्यांना दर मिनिटाला थांबावं लागतं. त्यामुळे माल उतरवण्याची जागा मागच्या गल्लीत ठेवणं चांगलं.

अशा इमारतीत घर घेताना काय विचाराल?
१. छप्पर, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च हॉटेल आणि रहिवासी कसा वाटून घेतात?
२. स्विमिंग पूल, जिम आपल्या हक्काचे की हॉटेलच्या मर्जीवर?
३. हॉटेल चालवणारी कंपनी बदलली किंवा हॉटेल बंद झालं तर?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हॉटेलचा करार संपू शकतो, पाटी बदलू शकते. घराचं कर्ज फेडणारा माणूस मात्र तिथेच राहणार असतो. म्हणून या प्रश्नांची उत्तरं चकचकीत माहितीपत्रकात शोधू नका, करारात लिहिलेली आहेत का ते बघा.