तळटीप ३ : ट्रस्टच्या जमिनीवरचा ब्लॉक
३. ट्रस्ट : बॉम्बे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन. १९३३मध्ये मुंबई महापालिकेत विलीन. दादर-माटुंग्याची जमीन संपादून ट्रस्टने रस्ते आखले व भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. ब्लॉक : स्वयंपाकघर, मोरी आणि मुख्य म्हणजे संडासही आतच असलेले बिऱ्हाड; चाळीत संडास सामाईक असे. तो घरात आला, पण सफाई कामगार बैठकीच्या खोलीतून यायला नको, म्हणून कित्येक इमारतींना मागे वेगळा जिना ठेवत. मध्यमवर्गाच्या सोवळ्याचा इतका उघड पुरावा कागदपत्रांत क्वचितच सापडतो. मूळ मजकुरात लेखक आपल्या पाहणीला ‘उत्खनन’ म्हणत असले तरी इथे कुदळ लागलेली नाही. ती उभ्या इमारतींची आहे. मजकुरात पुढे येणारा ‘मागचा जिना’ म्हणजे सफाई कामगारांसाठीचा हाच जिना.